आजीची ओवी, माझी चूक

आमच्या गावात पिठाची गिरणी आली तेव्हा मी दुसरीत होतो. त्याआधी गाव जागं व्हायचं ते जात्याच्या घरघरीनं. गिरणीनं बायकांच्या हाताचे घट्टे गेले, ते बरंच झालं. पण दळणाचा डबा घेऊन रांगेत उभी राहिलेली बाई ओवी म्हणत नाही. दोन-तीन वर्षांत जाती कोपऱ्यात गेली. डाळ भरडायची असली तरच बाहेर यायची.

चौथीला आम्हाला नवे गुरुजी आले. जिल्हा परिषदेची शाळा, मारुतीच्या देवळात भरायची. एक दिवस गुरुजी म्हणाले, "उद्या घरातली एकेक ओवी लिहून आणा. तिच्यासारखी आपण आपली करायची."

आम्ही हसलो. ओवी बायांची आणि कविता पुस्तकातली, असं आमचं पक्कं होतं. तेव्हा गुरुजींनी बहिणाबाई चौधरींची गोष्ट सांगितली. जळगावजवळच्या असोद्याला 1880 साली जन्मलेली, अक्षराची ओळख नसलेली शेतकरी बाई. शेतात, घरात काम करता करता गाणी रचायची. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या एकानं ती उतरवून ठेवली. बाई 1951 साली गेली, पुढच्या वर्षी पुस्तक आलं. "उतरवली नसती तर तिच्याबरोबरच गेली असती," गुरुजी म्हणाले. मग कुणी हसलं नाही.

शिकवायची त्यांची रीत साधी होती. आधी ओवी सगळ्यांनी म्हणायची. म्हणताना मूठ जात्याच्या खुंट्यासारखी गोल फिरवायची, म्हणजे ओळ कुठं लांबली ते हातालाच कळायचं. मग शेवटचा शब्द पुसायचा आणि तिथं दुसरा शोधायचा. पीठाला मीठ जुळतं. धीट जुळतो का? "मला विचारू नका, कानाला विचारा." शेवटी स्वतःची ओळ. एकानं लिहिलं, 'आमची म्हस लई काळी, दूध देती सांजसकाळी.' सगळ्या वर्गानं ती मूठ फिरवत म्हटली.

मी आजीची ओवी नेली होती. आजी म्हणाली होती,

वाट बघून बघून, डोळं थकलं गं बाई
लेक सासरी ऱ्हायली, तिचा सांगावाच न्हाई

मला वाटलं, आजी अडाणी, तिचं शुद्ध करून द्यावं. मी 'डोळे थकले' केलं, 'राहिली' केलं, 'नाही' केलं. गुरुजींनी मोठ्यानं वाचायला लावलं. 'बाई' आणि 'नाही'. माझी मूठ मधेच थांबली.

"कुणी चुकवलं?" गुरुजींनी विचारलं.

"मी."

"आजीचं बरोबर होतं. जा, तिला सांग."

घरी जाऊन सांगितलं. आजी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आरं, ती ओवी तुझ्या आत्याची हाय." आत्या दोन वर्षं माहेरी आली नव्हती. घरात तिचं नाव कुणी काढत नसे. आजीनं तेवढं जात्यावर काढलं होतं, आणि जातंही बंद पडलं होतं.

मी गुरुजींकडून पोस्टकार्ड घेतलं. वर आजीची ओवी, तिच्याच बोलीत. खाली माझी,

आत्या गं माझ्या आत्या, पंचमीला ये तू घरी
झोका बांधून ठेवतो, उंच लिंबाच्या फांदीवरी

पंचमीला आत्या आली. कार्ड तिला शेजारच्या पोरानं वाचून दाखवलं होतं. आजीची ओवी तिनं दारातच म्हटली, पहिल्या शब्दापासून.

पुढं गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्याचं वाचलं. आमच्या गावच्या ओव्या मात्र चौथीच्या वह्यांत होत्या, आणि वह्या रद्दीत गेल्या. मला पाठ आहे ती एवढी एक. पन्नास वर्षांनी ती इथं लिहिताना मी 'न्हाई'च लिहिलं आहे.