गुठळी विरघळली, पण…

कर्नाटकातला जोयडा तालुका, डिसेंबर. माणूस कल्पित आहे. शरीरात घडतं ते मात्र खरं. वय ५८, रक्तदाब जुना, गोळी आठवली तर. कमरेला तंबाखूची चंची.

पहाटे ४.४०. घाटातला गारठा. अशा थंडीत रक्तातलं एंडोथेलिन, म्हणजे वाहिन्या आवळणारं रसायन, वाढतं, पहाटे रक्तदाबही चढतोच. हृदयाच्या धमनीतला चरबीचा थर फाटतो, त्यावर रक्त साकळतं.

४.५५. छातीवर दाब, डावा हात जड, दरदरून घाम. “गॅस असेल,” म्हणून सोडा दिला जातो. आपल्याकडे झटक्याचं पहिलं निदान बहुधा हेच.

आत धमनीचं अस्तर एंडोथेलिन सोडू लागतं. १९८८ साली जपानच्या त्सुकुबा विद्यापीठात यानागिसावा आणि मासाकी यांच्या गटाने डुकराच्या महाधमनीच्या पेशींतून ते वेगळं काढलं. जेमतेम २१ अमिनो आम्लांची साखळी, पण वाहिन्या आवळण्यात तोवर ठाऊक असलेल्या सगळ्यांवर वरचढ. रक्तात ते काही मिनिटंच टिकतं. अस्तराच्या पेशी त्यातलं बरंचसं रक्तात न सोडता मागच्या स्नायूंकडे ढकलतात, आणि तिथली पकड लवकर सुटत नाही.

६.१०. रेंज नाही. मुलगा दुचाकीने चढावर जातो, तिथून १०८ लागतो. गाडी डांबरी रस्त्यापर्यंतच येणार. तिथवर खुर्चीला बांबू बांधून. “आबा, बोलू नका.”

७.५०. तालुका रुग्णालय. ईसीजीत झटका स्पष्ट. ऑक्टोबर २०२१ मध्ये ४६व्या वर्षी गेलेल्या अभिनेता पुनीत राजकुमार यांच्या नावाने कर्नाटकाने हृदयज्योती योजना आणली, ती अशाच ठिकाणांसाठी: गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेस तालुक्यातच टोचायचं.

८.२०. इंजेक्शन. कळ सुरू होऊन जवळपास साडेतीन तास.

१०.००. दांडेली मागे पडते, गाडी धारवाडच्या रस्त्याला. कळ उतरते, सगळ्यांना हायसं वाटतं. मोठी धमनी उघडलीय, पण पुढच्या केसाएवढ्या वाहिन्या आवळलेल्या आणि सुजलेल्या. रक्त तिथवर पोचतच नाही. डॉक्टर याला ‘नो-रिफ्लो’ म्हणतात. ज्यांच्या रक्तात एंडोथेलिन जास्त, त्यांच्यात तो जास्त आढळतो.

११.४५. धारवाडचं रुग्णालय. रक्तदाब ८०. अँजिओग्राफी करावीच लागते.

मग एंडोथेलिन अडवणारं औषध नाही का? आहे. बोसेंटन २००१ पासून फुप्फुसांच्या रक्तदाबावर चालतं. पण निकामी होत चाललेल्या हृदयावर या औषधांनी निराशाच केली. अंगात पाणी साठलं. स्पार्सेंटन (२०२३) मूत्रपिंडाच्या एका जुनाट विकारावर, अप्रोसिटेंटन (२०२४) हट्टी रक्तदाबावर. सगळी महिनोन्‌महिने घ्यायची औषधं. या घटकेला त्यांतलं एकही कामाचं नाही.

संध्याकाळी ५.००. लघवीच्या पिशवीत तळाशी थोडंसं, गडद. मूत्रपिंडाच्या वाहिन्या एंडोथेलिनला फारच हळव्या. त्यात अँजिओग्राफीच्या डायनेही ते वाढतं. मागून दाब नाही, पुढे वाट चिंचोळी. गाळणं थांबत आलंय.

रात्री ११.३०. क्रिएटिनिन चढलेलं. डायलिसिसला रक्तदाब पुरेसा हवा, तो नाही. तो टिकवणारी औषधं वाहिन्या आणखी आवळतात. तरी तीच द्यावी लागतात. डोस वाढवला जातो.

पहाटे ३.५०. हृदय थांबतं.