बुडूनही जगणारा भात

भाताला पाणी हवंच, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण भाताचं रोप शेंड्यापर्यंत बुडालं तर तेही गुदमरतं. हवेच्या तुलनेत पाण्यात प्राणवायू सुमारे १०,००० पट संथ पसरतो. पुराच्या गढूळ पाण्यात उजेडही पुरेसा पोचत नाही. मग नेहमीचं रोप वर डोकं काढण्यासाठी भराभर उंच होतं, साठवलेली साखर त्यात संपवतं आणि पाणी ओसरताच आडवं पडतं.

ओडिशातल्या शेतकऱ्यांकडे 'धळपुटिया' नावाचा भात होता. तो पूर सोसायचा. त्यातून निवडलेल्या वाणाला 'एफआर १३ ए' असं कोरडं नाव मिळालं. १९९६ मध्ये केनाँग शू आणि डेव्हिड मॅकिल यांनी या गुणाची जागा नवव्या गुणसूत्रावर दाखवली. २००६ मध्ये 'सब१ए' हे जनुक ओळखलं गेलं. हे जनुक रोपाची वाढ आवरून धरतं आणि शिल्लक साखर वाचवतं. संकराच्या मार्गाने ते लोकप्रिय 'स्वर्णा' भातात आणलं गेलं. २००९ मध्ये भारतात प्रसारित झालेला 'स्वर्णा-सब१' दोन आठवड्यांपर्यंत बुडूनही पुन्हा फुटतो.

आता शोध आणखी खोल गेला आहे. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना २०२४ चं नोबेल मिळालं, ते मायक्रोआरएनएसाठी. १९९३ मध्ये एका सूक्ष्म कृमीत त्याची ओळख पटली. २००२ मध्ये तो वनस्पतींतही सापडला. वनस्पतीत तो बहुधा २१ अक्षरांचा असतो. प्रथिन बनवण्याचा निरोप निघाला की हा तुकडा त्याला चिकटून तो निरोप थांबवतो. २००८ मध्ये बुडालेल्या मक्याच्या मुळांत असे काही तुकडे वाढलेले, काही घटलेले आढळले. मी कविता लिहितो. गाळलेल्या शब्दावरही ओळ तगते, हे मला ठाऊक आहे. रोपही थांबवलेल्या निरोपांवर तगतं, हे मात्र मला इथे नव्याने कळलं.

या साऱ्या नोंदींत शास्त्रज्ञांची नावं आहेत, आणि ती असायलाच हवीत. पण दर पुरानंतर जे रोप उभं राहिलं त्याचंच बी पुढच्या पेरणीसाठी राखणाऱ्यांचं नाव कुठेच नाही. म्हणून या भाताची गोष्ट १९९६ पासून सांगू नये. ती ओडिशाच्या सखल शेतांपासून सांगावी.