थर्मामीटर आणि रांग

काठेवाडातील एका गावात एक अस्पृश्य शिक्षक आपल्या आजारी बाळंतिणीसाठी डॉक्टरला बोलवायला गेला. दोन रुपये फी कबूल झाली. वस्तीत पाऊल टाकणार नाही, बाईला बाहेर आणा, ही डॉक्टरची अट. बाईला बाहेर आणले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने शिक्षकाच्या, शिक्षकाने बायकोच्या. त्याच वाटेने ते परत गेले. न्यूमोनिया आहे, एवढे सांगून डॉक्टर निघून गेला. पुन्हा आला नाही. बाई मेली. शिक्षकाचे हे पत्र १२ डिसेंबर १९२९च्या 'यंग इंडिया'त आले. बाबासाहेबांनी ते आपल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त नोंदवून ठेवले. आमच्या वाट पाहण्याचा इतिहास मी इथून मोजतो.

१९४६ साली भोर समितीने सांगितले, पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराला मुकता कामा नये. १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा आला. मुंबईच्या गिरणी कामगाराला विम्याचे इस्पितळ मिळाले. माझे आबा मात्र भिवंडीत यंत्रमागावर. १९८२च्या गिरणी संपात मुंबईचे कापड भिवंडीच्या मागांवर विणले जाऊ लागले. गिरणीचे काम आले, गिरणीचे हक्क आले नाहीत. एकच कारखाना कागदावर चार नावांनी तोडला की कायद्याला कामगार दिसेनासा होतो. छातीत पिंजलेला कापूस मात्र कागदावर तुटत नाही.

एका रात्री आबांना धाप लागली. भिवंडीहून रिक्षाने मी त्यांना दूरच्या एका सरकारी इस्पितळात नेले. आधी केसपेपरची रांग, मग डॉक्टरची. सहा तास आम्ही फरशीवर बसलो. मी चिडलो, तेव्हा आबा धापा टाकीत म्हणाले, "अरे, हितं जात तर कुणी इचारली न्हाई!"

त्यांचे खोटे नव्हते. त्या तरण्या डॉक्टरने आबांच्या उघड्या छातीवर स्वतःच्या हाताने नळी टेकवली. थर्मामीटर तीन हातांतून आले नाही. हे कुणाच्या दयेने घडलेले नाही; त्यासाठी पिढ्या झिजल्या आहेत.

पण त्या रांगेत मी माणसे पाहिली. मागवाले, हमाल, झाडूवाल्या, वस्तीतल्या बाया. ज्याच्या खिशात पैसा तो या रांगेत नव्हताच. जात विचारायची गरज उरली नव्हती. रांगच ती सांगत होती. शिवाय तातडीच्या रुग्णाला आल्या क्रमाने घ्यायचे नसते, श्वास पाहून घ्यायचे असते. श्वास पाहायला माणूस लागतो, आणि तिथे शंभर जणांना एक डॉक्टर होता. त्या पोरावर मी राग का काढावा?

१९९२ साली बंगालमधला शेतमजूर हकीम शेख रेल्वेतून पडला. कलकत्त्याच्या एकामागून एक सरकारी इस्पितळांनी खाट नाही म्हणून त्याला परत पाठवले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या २१व्या कलमाचा, जगण्याच्या हक्काचा भंग आहे, पैसा नाही ही सरकारची सबब चालणार नाही.

म्हणजे आमचे सहा तास हे नशीब नव्हते, तो हक्कभंग होता. आबांची पिढी दारातून आत आली. बाकावर बसवून ठेवणाऱ्याला जाब विचारणे हे आमच्या पिढीचे काम आहे.