चिटाचा झगा आणि पार्लमेंटचा कायदा

चीट हा शब्द आपल्या घरांत इतका रुळलेला आहे कीं त्याला कांहीं इतिहास असेल अशी शंकाही कोणास येत नाहीं. गोधडीचें अस्तर, मुलींचे परकर, उशांचे अभ्रे, यापलीकडे त्याची प्रतिष्ठा नाहीं. पण याच कापडास कोणत्या सदरांत घालावें, या प्रश्नानें इंग्लंडच्या पार्लमेंटला सुमारें पाऊणशें वर्षें भंडावून सोडलें होतें, आणि त्याची झळ बहुतांशीं तेथील स्त्रियांना लागली.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत ईस्ट इंडिया कंपनीनें सुरतेहून व कोरोमंडल किनाऱ्यावरून नेलेलें छापील आणि कलमानें चितारलेलें सुती कापड लंडनमध्यें फार लोकप्रिय झालें. तेथील लोकरीचें कापड जड, रेशीम महाग. चीट हलकें, स्वस्त आणि धुतलें तरी रंग न सोडणारें. मालकीण आणि मोलकरीण एकाच धर्तीचे झगे घालूं लागल्या, याचा कित्येक सभ्य गृहस्थांना मनस्वी राग होता! विणकरांचा राग मात्र पोटाचा होता. १६९७ सालीं त्यांच्या जमावानें कंपनीच्या कचेरीवर चाल केली, आणि १७०० सालीं पार्लमेंटनें पहिला कायदा केला.

या कायद्यानें फारस, चीन व हिंदुस्थान येथील रेशमी माल आणि तेथें रंगविलेलें वा छापलेलें सुती कापड इंग्लंडांत वापरण्यास मनाई केली. असा माल आला तर तो वखारींत ठेवावा व पुन्हा परदेशीं धाडावा. कोरें पांढरें कापड मात्र जकात भरून आणतां येई. म्हणजे कापड कोठें विणलें हें कायदा विचारीत नव्हता. रंग कोठें चढला एवढेंच विचारीत होता. मग लंडनच्या छापणारांचें फावलें. हिंदी कोरें कापड घेऊन ते त्यावर हिंदी वेलबुट्टी उठवूं लागले. गोदीवर गठ्ठा उघडणाऱ्या अंमलदाराला कोरें आणि छापील ओळखणें सोपें होतें. पण अंगावर झगा चढल्यावर त्याचा छाप सुरतेचा कीं लंडनचा, हें कोणीं सांगावें?

१७१९ च्या उन्हाळ्यांत स्पिटलफील्ड्सच्या विणकरांनीं हा निवाडा आपल्या हातीं घेतला. रस्त्यानें जाणाऱ्या बायकांच्या अंगावरील चिटाचे झगे त्यांनीं फाडले, त्यांवर शाई आणि तेजाब फेंकलें. उपाशी विणकराविषयीं कितीही कणव असली तरी हें वाचून मान खालीं जाते. आणि पार्लमेंटनें काय केलें? १७२१ च्या कायद्यानें झगा घालणारीलाच गुन्हेगार ठरविलें! छापील सुती कापड, मग तें कोठेंही छापलेलें असो, २५ डिसेंबर १७२२ पासून वापरण्यास बंद झालें. अंगावर घातल्यास पांच पौंड दंड, आणि तोही चुगली करणाऱ्यास मिळावयाचा. अपवादही चमत्कारिक होते. मलमल चाले, गळपट्टा चाले, संपूर्ण निळें रंगविलेलें कापड चाले. लिननचा ताणा आणि सुताचा बाणा असलेलें फस्टियनही चाले.

या शेवटच्या सवलतीनें मँचेस्टरचें भाग्य उघडलें. छापलेलें फस्टियन चिटासारखेंच दिसे; त्यावरून तंटे उपस्थित झाले, तेव्हां १७३६ सालीं तें कायदेशीर असल्याचा खुलासा पार्लमेंटला करावा लागला. पुढें आर्कराइटच्या यंत्रावर ताण्याला पुरेल असें बळकट सूत निघूं लागलें आणि निव्वळ सुती कापड इंग्लंडांतच तयार झालें. अबकारी अंमलदारांनीं त्याला कॅलिकोच्या सदरांत टाकून वारास तीन पेन्सांऐवजीं सहा पेन्स मागितले. आर्कराइट व त्याचे भागीदार पार्लमेंटकडे गेले. आतां गांठ घरच्या धंद्याशीं होती! १७७४ सालीं नवा कायदा झाला. इंग्लंडांत विणलेल्या सुती कापडाला तीनच पेन्स, आणि ओळख पटावी म्हणून त्याच्या किनारींत तीन निळे धागे. हिंदी छापील कापडावरील बंदी होती तशीच राहिली.

दुसऱ्याच वर्षीं, १७७५ सालीं, प्रख्यात नट डेव्हिड गॅरिक याच्या पत्नीला कलकत्त्याहून भेट आलेलें पलंगाच्या पडद्यांचें चीट जकातखात्यांत अडकून पडलें होतें. तें सुटावें म्हणून गॅरिकनें सरकारी खजिन्याच्या एका अधिकाऱ्यास लिहिलेल्या पत्रांत पत्नीच्या शोकाचें मोठें रसभरित वर्णन आहे. तो पलंग आणि ते पडदे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट वस्तुसंग्रहालयांत आहेत.