शॉनब्रुनची ग्रीष्मरात्र मैफल

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथील शॉनब्रुन राजवाड्याच्या उद्यानात व्हिएन्ना फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद दरवर्षी खुल्या आकाशाखाली सादर करीत असलेला कार्यक्रम ‘ग्रीष्मरात्र मैफल’ या नावाने ओळखला जातो. ‘युरोपसाठी मैफल’ म्हणून २००४ मध्ये त्याचा प्रारंभ झाला; २००८ पासून सध्याचे नाव रूढ झाले.

याच वाद्यवृंदाच्या नववर्ष मैफलीला इतकी मागणी असते की तिची तिकिटे सोडत काढून दिली जातात. शॉनब्रुन येथे मात्र प्रवेश विनामूल्य असतो. एकेकाळी हॅब्सबर्ग सम्राटांचे उन्हाळी निवासस्थान असलेल्या या राजवाड्याच्या प्रांगणात सामान्य नागरिकही जगातील अग्रगण्य वाद्यवृंद ऐकू शकतो.

या वाद्यवृंदाला १९३३ पासून कायमस्वरूपी प्रमुख संचालक नाही. त्यामुळे प्रत्येक मैफलीचे संचालन निमंत्रित संगीतकाराकडे सोपवले जाते आणि बहुधा एक अतिथी एकलवादक वा गायक त्याला साथ देतो. मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहता यांनी १४ मे २०१५ रोजी झालेल्या मैफलीचे संचालन केले. उत्तर युरोपीय संगीताला वाहिलेल्या त्या कार्यक्रमात पियानोवादक रुडॉल्फ बुखबिंडर यांनी एडवर्ड ग्रीग यांचा पियानो कन्चेर्टो सादर केला. २०१९ मध्ये पियानोवादक युजा वांग अतिथी कलाकार होत्या.

करोना महासाथीमुळे २०२० ची मैफल सप्टेंबरपर्यंत पुढे ढकलावी लागली आणि ती मर्यादित श्रोत्यांसमोर झाली. सर्वांसाठी मुक्त असलेल्या या परंपरेतील तो अपवाद ठरला; तथापि मैफलीचा क्रम खंडित झाला नाही.