जमिनीवरील गिरकी : लहान विमानांच्या इतिहासातील एक प्रकरण

विमान जमिनीस टेकले म्हणजे उड्डाण संपले, असा सर्वसाधारण समज आहे. लहान विमानांचा इतिहास या समजास पुष्टी देत नाही. उतरल्यानंतर वेग ओसरत असता विमानाचे तोंड एकाएकी वळावे, त्याने जागच्या जागी गिरकी घ्यावी, पंखाचे टोक जमिनीस घासावे, प्रसंगी चाकांचा आधारच मोडावा, हा अपघात वैमानिकांच्या कित्येक पिढ्यांच्या परिचयाचा आहे. इंग्रजीत त्यास ‘ग्राउंड लूप’ ही संज्ञा आहे. त्याचा दोष बहुधा वैमानिकाच्या माथी मारला गेला. तो कितपत न्याय्य होता, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या बहुसंख्य लहान विमानांना पुढे दोन मुख्य चाके व शेपटाखाली एक लहानसा आधार असे. या रचनेत गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे पडतो. विमान किंचित वळले की मागील भार मूळ दिशेनेच पुढे जाऊ पाहतो आणि वळण वाढवितो. दोनचाकी गाडी दांडीला धरून ओढली तर सरळ येते. मागे ढकलली तर आडवी फिरू पाहते, तसाच हा प्रकार आहे. शिवाय वेग मंदावला की सुकाणूवरून वाहणारी हवा क्षीण होते. म्हणजे नेमक्या गरजेच्या क्षणी सुकाणू दुबळे पडते.

असे असूनही ही रचना दीर्घकाळ टिकली, याचे कारण भूमीत शोधावे लागते. आरंभीचे विमानतळ म्हणजे विस्तीर्ण गवताळ मैदाने होती. वारा ज्या दिशेचा, त्याच दिशेस तोंड करून उतरता येई. शेपटाखालची ‘स्किड’ गवतात रुतत घासत जाई आणि विमानास मागून धरून ठेवी. फरसबंद धावपट्ट्या आल्या तेव्हा दिशा कायमची ठरून गेली. आडवा वारा शेपटावर आदळू लागला, आणि स्किडच्या जागी सहज फिरणारे चाक आले. विमान बहुतांशी तेच राहिले, जमीन बदलली.

यावरील उपाय अज्ञात नव्हता. ग्लेन कर्टिसच्या १९०९ च्या विमानांना पुढे एक व मागे दोन चाके होती. त्याच वर्षी इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या ब्लेरियोच्या विमानाची मुख्य चाके आडव्या वाऱ्यात आपोआप वळत. तथापि या विचाराचे पद्धतशीर पुनरुज्जीवन अमेरिकन अभियंता फ्रेड वाइक याने केले. १९३४ मध्ये त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी डब्ल्यू-१ हे तीनचाकी विमान सिद्ध केले. त्यातूनच पुढे एर्कूप निर्माण झाले. गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे आल्यामुळे तोच भार आता विमानास सरळ करू लागला. १९५६ मध्ये सेसना १७२ बाजारात आले. ते मूलतः त्याच कंपनीच्या १७० या विमानास पुढचे चाक देऊन घडविलेले होते. आणि पुढे त्याच्या चव्वेचाळीस हजारांहून अधिक प्रती निघाल्या.

भाषेने मात्र जुनी खूण जपली आहे. शेपटाखाली चाक असलेल्या रचनेस इंग्रजीत आजही ‘कन्व्हेन्शनल’, म्हणजे रूढ, म्हणतात; वस्तुतः ती रूढी केव्हाच मोडली. ज्यास पायांचे अकौशल्य म्हटले गेले, त्याचा मोठा अंश विमानाच्या घडणीत आणि बदललेल्या भूमीत होता. वैमानिकाची दक्षता अनावश्यक ठरली नाही. परंतु चुकीची शिक्षा सौम्य झाली, ती उपदेशाने नव्हे, चाकाची जागा बदलल्याने.