गेम बनवायला शिकायचंय? पहिला गेम फोनवरही बनतो

"लॅपटॉप नाही, मग गेम कसा बनवणार?" हा प्रश्न मला ज्युनिअर्स नेहमी विचारतात. लॅपटॉप असेल तर उत्तमच, पण सुरुवात त्यावाचून अडत नाही.

चित्र स्क्रीनवर दाखवणं, टच ओळखणं, दोन वस्तू आदळल्या का ते तपासणं, ही कामं जवळपास प्रत्येक गेमला लागतात. ती आयती करून देणारं सॉफ्टवेअर म्हणजे गेम इंजिन. युनिटी आणि अनरिअल ही नावं तुम्ही ऐकली असतील, पण नवख्यांना मी गोडो सुचवतो. तो फुकट आणि ओपन सोर्स आहे, शिवाय उद्या गेममधून पैसे मिळाले तरी गोडोला हिस्सा द्यावा लागत नाही. (युनिटीने सप्टेंबर २०२३ मध्ये इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं होतं. डेव्हलपर्स भडकले आणि वर्षभराने ते रद्द झालं.) मुख्य म्हणजे गोडोचा एडिटर अँड्रॉइडवरही चालतो. छोट्या स्क्रीनवर बटणं दाबताना वैताग येतो, त्यामुळे जमलं तर ओटीजी केबलने कीबोर्ड आणि माऊस जोडा.

पहिला गेम कोणता? पब्जीसारखा तर अजिबात नको. १९७२ चा अटारीचा 'पाँग' आठवा: दोन फळ्या, एक चेंडू, स्कोअर. तोही ॲलन अल्कॉर्न या इंजिनिअरला सरावासाठी दिलेलं काम होतं! तुम्ही एकच फळी घ्या. चेंडू फळीला लागला की एक पॉइंट, सुटला की गेम ओव्हर.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. गेम म्हणजे सतत फिरणारं चक्र असतं: टच वाच, चेंडू सरकव, चित्र काढ, पुन्हा पहिल्यापासून. एका फेरीत एक फ्रेम तयार होते. समजा, प्रत्येक फ्रेमला चेंडू ५ पिक्सेल सरकवला. सेकंदाला ६० फ्रेम्स दाखवणाऱ्या फोनवर तो सेकंदात ३०० पिक्सेल जाईल. मित्राच्या १२० हर्ट्झच्या फोनवर मात्र ६००! म्हणजे महागडा फोन घेतला म्हणून गेम दुप्पट अवघड. यावर उपाय म्हणजे डेल्टा, म्हणजेच मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ. वेग 'सेकंदाला ३०० पिक्सेल' असा ठरवायचा आणि त्याला डेल्टाने गुणायचं. मग दोन्ही फोनवर चेंडू सारखाच पळतो. नववीचं 'अंतर = वेग × वेळ' इथे कामाला येतं.

गोडोची भाषा जीडीस्क्रिप्ट दिसायला पायथनसारखी आहे, त्यामुळे कॉलेजात पायथन झालं असेल तर हात लवकर बसेल. चित्रं आणि आवाज केनीच्या वेबसाइटवर फुकट मिळतात, श्रेय देण्याचीही अट नाही. गूगल इमेजेसवरून उचललेली चित्रं मात्र वापरू नका.

गेम झाला की लगेच प्ले स्टोअरकडे धावू नका. तिथे एकदाच का होईना, २५ डॉलर भरावे लागतात आणि नव्या वैयक्तिक खात्याला आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस टेस्टिंग करून घ्यावं लागतं. इच डॉट आयओवर गेम फुकट टाकता येतो. लिंक मित्रांना पाठवा आणि शक्य असेल तर शेजारी बसून त्यांना खेळताना बघा. तुम्ही काहीही सांगायचं नाही. कुठे टच करायचं हेच त्यांना कळत नसेल, तर पुढचं काम तिथूनच सुरू करा.